ओला दुपट्टा

देवानंद गेला तो दिवस मे महिन्यातला होता. दुपारी तो विहीर खोदणाऱ्या रिगच्या फ्लोअरवर पाणी मारत होता. त्याच्या दुपट्ट्याचं टोक केलीला, मधल्या फिरत्या पाईपला, गुंडाळलं गेलं. ड्रिलरने ब्रेक मारला. देवानंद तिथेच मेला.

देवानंद खोब्रागडे माझ्या धाकट्या बहिणीचा, शालूचा नवरा. मी तेव्हा गुजरातेत तेलाच्या विहिरींवर सेफ्टी ऑफिसर होतो. निरोप आला तेव्हा मी नव्या मुलांना हेल्मेट कसं घालायचं ते दाखवत होतो. बोरी अरबला पोहोचलो तोवर सगळं उरकलं होतं.

तो रिगवर कसा आला ते आधी सांगतो. बोरी अरबजवळच्या एका जिनिंगमध्ये तो वर्षानुवर्षं फिटरच्या हाताखाली काम करायचा. पण त्या काळात आमच्या जिल्ह्यात कापसाचं काही खरं राहिलं नव्हतं. जिनिंग दिवाळीनंतर सुरू व्हायची आणि संक्रांतीला बंद पडायची. त्याच सुमारास आमच्या कंपनीने वणीहून झरीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत एका शेतात रिग उभी केली. वणीखाली कोळसा आहे हे सगळ्यांना माहीत आहे. त्या कोळशाच्या थरांमध्ये गॅसही अडकलेला असतो. तो काढण्याजोगा आहे का, हे पाहायला चाचणीची विहीर खोदायची होती. रिग जुनी, आसामात तेलाच्या विहिरींवर झिजलेली. मजूर पुरवणारा ठेकेदार मशीनजवळ वावरलेली माणसं शोधत होता. जिनिंगवाले त्याला आयतेच मिळाले.

कामाला लागल्यावर देवानंदने मला फोन केला होता. म्हणाला, "साळेसाहेब, आता आमी बी तुमच्या लायनीत आलो. तुमी तेल काढा, आमी हवा काढतो." मागून शालूचं हसू ऐकू आलं होतं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी भन्ते येऊन गेले, जेवणं झाली, माणसं पांगली. शालू मागच्या दाराशी बसली होती. कंपनीचा एक माणूस पुष्पचक्र घेऊन येऊन गेला होता. जाताना तो तिला हिंदीत म्हणाला होता की काम करताना माणसानं लक्ष ठेवायला हवं. शालू दोन दिवस तेच घेऊन बसली होती.

"दादा, त्यायचं ध्यान नव्हतं मनते," ती म्हणाली. "जिनिंगमधी इतकी वर्सं काढली, बोटाले खरचटलं नाई. अन ध्यान नव्हतं मनते."

मी तिच्याजवळ पायरीवर बसलो.

"तू इतके वर्सं हेच करून राह्यला ना? मंग जाऊन पाय. खरंच ध्यान नव्हतं तर तसं सांग मले. मी आयकून घेईन."

मला जायचंच होतं. त्या साइटवर सेफ्टी ऑफिसर नव्हता. लहान रिग, थोडी माणसं, म्हणून तो नेमलाच नव्हता. आता अपघात झाल्यावर कंपनीला एक पाठवणं भाग होतं, आणि मी याच जिल्ह्यातला. मेलेला माणूस माझ्या बहिणीचा नवरा होता हे मी ऑफिसला कळवलं. तिकडून उत्तर आलं, बरंच झालं, लोक तुमचं ऐकतील.

रिग कधी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. जमिनीपासून दीडेक पुरुष उंचीवर एक लोखंडी मचाण असतं, त्याला फ्लोअर म्हणतात. त्याच्या मधोमध एक लोखंडी चकती जात्यासारखी फिरते. ते रोटरी टेबल. टेबलातून एक चौकोनी पाईप खाली जातो, ती केली. टेबल फिरलं की केली फिरते, तिच्याखालचे सगळे पाईप फिरतात आणि खोल खाली दगड कापला जातो. केली काही फार जोरात फिरत नाही. घरातल्या पंख्यापेक्षा कितीतरी सावकाश. म्हणून नव्या माणसाला तिची भीती वाटत नाही. पण तिला चार कोपरे असतात, आणि तिच्यामागे ट्रकच्या इंजिनाहून मोठं इंजिन असतं. कोपऱ्यात काही अडकलं तर तिला ते कळतही नाही.

पोहोचलो त्या दिवशी काम बंद होतं. ड्रिलर बोरा भेटला. आसामचा माणूस, केस पिकलेले, सगळी हयात तेलाच्या विहिरींवर गेलेली. ड्रिलर म्हणजे फ्लोअरवर ब्रेकच्या दांड्याशी उभा राहून सगळी रिग चालवणारा. त्याने मला देवानंद कुठे उभा होता ते दाखवलं. होजपाइपने फ्लोअरवरचा चिखल धुणं हे त्याचं काम होतं. चिखल राहिला तर पाय घसरतो, म्हणून टेबल फिरत असतानाच धुवायची पद्धत होती. देवानंद मागे सरकत होता, केलीकडे पाठ होती. बोराने मला हे दोनदा सांगितलं. मग तो म्हणाला, "साब, मैंने ब्रेक मारा था."

मी म्हणालो, मला ठाऊक आहे.

"मारा था," तो म्हणाला, आणि खाली उतरून गेला.

दुपट्ट्याबद्दल मला मारोतीकडून कळलं. मारोती आत्राम देवानंदचा जोडीदार, झरी जामणीकडच्या एका कोलाम पोडावरचा, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरचा. तोही हंगामाला देवानंदच्याच जिनिंगमध्ये काम केलेला. आमच्याकडे उन्हाळ्यात कोणी उघड्या कानांनी घराबाहेर पडत नाही. दुपट्टा पाण्यात बुडवायचा, पिळायचा, डोकं आणि कान झाकून मानेभोवती घ्यायचा. वाळला की परत बुडवायचा. फ्लोअरवर सगळे हेच करत होते, वरून हेल्मेट. फ्लोअरवर सावली नव्हती. पायाखाली लोखंड, बाजूला इंजिनांची धग.

सैल कपडा मशीनजवळ नको, हे कोणी सांगितलं नव्हतं का, असं मी त्याला विचारलं.

"सांगतलं व्हतं ना. हिंदीत सांगतलं व्हतं," मारोती म्हणाला. "पन साहेब, जिनिंगमधी कितीक डाव दुपट्टा पट्ट्यात गेला. टर्रकन फाटे. आमी हासो. देवाभाऊ तर मने, चला, बायकोले नवा मांगाले कारन झालं."

"मग इथं काहून नाही फाटला?"

मारोतीने मान हलवली. त्याला तेच कळत नव्हतं. त्या दिवसापासून तो हाच विचार करत होता, असं त्याच्या तोंडावरून दिसलं.

मला ते कळलं होतं. वाचून माहीत होतं, एवढंच. कापसाचा धागा ओला झाला की कमजोर होत नाही, उलट बळकट होतो. जिनिंगमध्ये दुपट्टा कोरडा असायचा, रुईचं तूस नाकात जाऊ नये म्हणून बांधलेला. झटका बसला की फाटायचा आणि माणूस सुटायचा. तेच ज्ञान घेऊन ही माणसं रिगवर आली. इथे तोच दुपट्टा ओला होता.

मारोतीला मी हे सांगितलं. तो बराच वेळ हातातल्या दुपट्ट्याकडे पाहत राहिला. "मंजे पान्यानं," तो म्हणाला.

"हो."

मग मी रिग मॅनेजर माथुर साहेबांकडे गेलो. ते कंटेनरच्या ऑफिसात एसी लावून बसले होते. माणूस वाईट नव्हता. वरच्यांना घाबरणारा होता. चौकशीचा अहवाल त्यांनी अर्धा लिहून ठेवला होता. कारण म्हणून एकच ओळ होती, कामगाराचा निष्काळजीपणा. मी त्यांना सांगितलं की हे बरोबर नाही. तो माणूस नेमून दिलेलं काम करत होता. टेबल फिरत असताना त्याच्याजवळ जायला लावणारी पद्धत चुकीची होती. सावलीची सोय नव्हती, म्हणून ओला दुपट्टा होता. हे सगळं कारणांत यायला हवं. आणि हे आलं, तरच फ्लोअरवर काही बदलेल. निष्काळजीपणा लिहिला, की फ्लोअर बरोबर ठरतो आणि फक्त माणूस चुकतो. मग दुसरा माणूस आणायचा आणि काम सुरू करायचं.

माथुर साहेब म्हणाले, विचार करू. तोवर त्यांनी आपला उपाय केला. दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं आणि गेटवर हुकूम लागला की दुपट्टा आत न्यायचा नाही.

मी म्हणालो, नुसती बंदी मे महिन्यात चालणार नाही. दुपारचं काम बंद करा किंवा सावली करा, मग दुपट्टा काढायला सांगा.

"असम में कोई दुपट्टा नहीं पहनता," ते म्हणाले.

मी म्हणालो, हे आसाम नाही.

"बारिश से पहले कुआँ पूरा करना है. दोपहर बंद नहीं होगी."

हुकूम पाळला गेला. गेटवरचा सिक्युरिटीवाला प्रत्येकाचा दुपट्टा काढून तारेच्या कुंपणावर टाकायचा. देवानंदचं झालेलं सगळ्यांनी पाहिलं होतं, त्यामुळे कोणी वाद घातला नाही. दोन दिवस काही झालं नाही. मी फ्लोअरखालच्या पट्टीभर सावलीत उभा राहून वर बघत असे. मला दुसरं काही सुचत नव्हतं. मन थकलेलं होतं. रात्री वाचायला पुस्तक उघडायचो, पण एकाच पानावर पुन्हा पुन्हा येत होतो.

तिसऱ्या दुपारी मारोती होजपाइप धरून उभा होता. त्याचा शर्ट कोरडा दिसला. सकाळी घामाने भिजलेला शर्ट भर दुपारी कोरडा दिसला तर समजावं की माणसाचा घाम थांबला आहे. मी पायऱ्या चढायला लागलो. वर पोहोचलो तेव्हा तो कोणाशी तरी कोलामी बोलत होता. समोर कोणी नव्हतं. त्याच्या हातातून होज सुटला आणि तो केलीच्या बाजूला झुकला.

बोराने ब्रेक मारला. टेबल लगेच थांबत नाही, थोडा वेळ फिरत राहतं. मी मारोतीला कमरेच्या पट्ट्याला धरून मागे ओढलं. आम्ही दोघेही चिखलात पडलो. केली त्याच्या खांद्यापासून हातभर अंतरावर थांबली.

त्याला पाण्याच्या टँकरखाली नेऊन भिजवलं, जीपमध्ये घातलं आणि वणीच्या सरकारी दवाखान्यात पाठवलं. अंग इतकं तापलं होतं की हात ठेववत नव्हता. कुंपणावरचे दोन दुपट्टे त्याच्यावर टाकले, पाण्यात बुडवून.

जीप गेली. मी परत फ्लोअरवर गेलो.

रिगवर कुलपाची एक रीत असते. दुरुस्तीसाठी मशीनचा भाग बंद केला की तिथे स्वतःचं कुलूप लावायचं. किल्ली स्वतःच्या खिशात. ज्याचं कुलूप, त्यानेच काढायचं, मालक आला तरी दुसऱ्याने हात लावायचा नाही. आत मशीनमध्ये कोणाचा तरी हात असतो, म्हणून ही रीत. ती मोडणारा माणूस कुठल्याच रिगवर टिकत नाही. मी माझं कुलूप रोटरी टेबलच्या क्लचच्या दांड्याला लावलं.

बोरा माझ्याकडे बघत होता. म्हणाला, पाईप आत अडकून बसेल. त्याचं म्हणणं खरं होतं. विहिरीत पाईप स्वस्थ ठेवला तर भोवतीची माती त्याला धरते. मी म्हणालो, विहिरीत चिखल फिरवणारा पंप चालू ठेवा, पाईप थोड्या थोड्या वेळाने वर-खाली करा. फक्त टेबल फिरवायचं नाही, आणि तुमच्याशिवाय फ्लोअरवर कोणी नको. तुमच्या डोक्यावर ताडपत्री बांधून देतो.

बोराने थोडा विचार केला. "होल बच जाएगा," तो म्हणाला. त्याने हेल्मेट काढून डोकं पुसलं. "बाँध दो."

ताडपत्री बांधली. मग खाली येऊन बांधावरच्या कडुनिंबाखाली बसलो. बाकीची माणसं आधीच तिथे होती. एकाने मला तांब्या दिला.

माथुर साहेब उन्हातून चालत आले. ऑफिसपासून झाडापर्यंत फार अंतर नव्हतं, तरी त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"चाबी दो."

"देतो. चार वाजता."

"होल गया तो?"

"होल जात नाही. बोरांना विचारा."

त्यांनी फ्लोअरकडे पाहिलं. पंपाचा आवाज येत होता. बोरा ताडपत्रीखाली ब्रेक धरून उभा होता, पाईप वर-खाली होत होता. साहेबांना ते दिसलं. ते कामातले माणूस होते, त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती.

"तुम्हारा बहनोई था, इसलिए ये सब कर रहे हो."

"हो," मी म्हणालो. "पण मारोती माझा कोणी नाही."

माणसं जमिनीकडे पाहत होती. साहेब उभेच होते, अर्धे सावलीत, अर्धे उन्हात. एकजण सरकला आणि त्यांना जागा करून दिली. ते बसले. मग ते म्हणाले, वर काय सांगू. मी म्हणालो, सांगा की बंदी पाळताना दुसरा माणूस केलीवर पडत होता. तो मेला असता तर त्याच्या अंगावर दुपट्टाही सापडला नसता. मग कारण काय लिहिलं असतं?

त्या दिवशी चार वाजेपर्यंत त्यांनी परत किल्ली मागितली नाही. संध्याकाळी ते ऑफिसशी फोनवर बोलत होते. माझ्या नावाची तक्रार झाली, ती व्हायचीच होती. फोन ठेवून ते बाहेर आले आणि म्हणाले की पावसापर्यंत बारा ते चार टेबल बंद राहील, आणि धुण्याचं काम टेबल थांबवूनच होईल.

मी म्हणालो, अहवाल?

"तुम लिखो. मैं देख लूँगा."

अहवाल मी लिहिला. हळूहळू लिहिला. देवानंदचं नाव लिहून पुढे काय झालं ते लिहिताना पेन थांबायचं. फिरत्या टेबलाजवळ धुण्याची पद्धत, सावलीचा अभाव, ओल्या सुती कपड्याची ताकद, सूचना कामगारांच्या भाषेत न देणं. एवढी कारणं. साहेबांनी शेवटचं कारण खोडलं, त्याने कंपनी कायद्यात अडकेल म्हणाले. मी ते खोडू दिलं. बाकीची राहिली.

डोक्याचा प्रश्न उरला होता. सकाळी आणि चारनंतरही ऊन कमी नसतं. वणीच्या बाजारात एका शिंप्याकडून मी पातळ सुती कापडाची टोपडी शिवून घेतली. कान आणि मान झाकणारी, पण लोंबणारं टोक नाही, आणि हनुवटीखाली टिचबटण. ओढ बसली की बटण सुटतं आणि टोपडं निघून येतं. शिंपी विचारत होता, इतक्या मोठ्या माणसांना टोपडी कशाला. माणसं पहिल्या दिवशी एकमेकांना बाळा म्हणून हाक मारत होती. नंतर मारायची बंद झाली.

मारोती वाचला. आठवडाभर दवाखान्यात होता. परत आला, पण ऊन त्याला नंतर कधीच सोसलं नाही. त्याला रोपवाटिकेत राखणीचं काम मिळालं.

मी बोरी अरबला गेलो. अहवाल इंग्रजीत होता, मी तो शालूला मराठीत सांगितला. ती तांदूळ निवडत होती. ऐकताना तिचे हात थांबले नाहीत. ओल्या दुपट्ट्याचं आलं तेव्हा मात्र थांबले.

"फाटत नाई?" तिने विचारलं.

"ओला असला तर लवकर नाही फाटत."

"त्यायले काय मालूम राहीन मंग."

"कोणालाच माहीत नव्हतं."

"म्हनजे ध्यान होतं."

"होतं."

तिने ताट झटकलं, खडे वेगळे काढले, आणि आत जाऊन चुलीवर आधण ठेवलं.

पुढचं थोडक्यात सांगतो. विहीर पावसाआधी पुरी झाली नाही, पावसानंतर झाली. गॅस होता, पण काढण्याजोगा नव्हता. कंपनीने रिग उतरवून दुसऱ्या राज्यात नेली. तिथे दुपारची सुट्टी राहिली नाही, टोपडीही गेली, असं बोराने मला फोनवर सांगितलं. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. मी त्यानंतर बरीच वर्षं नोकरी केली. नव्या सेफ्टी ऑफिसरांना शिकवताना मी एवढंच सांगायचो की नियम लावण्याआधी तो पाळून दिवसभर उभं राहून बघा. बहुतेकांनी वहीत उतरवून घेतलं. उभं राहून किती जणांनी पाहिलं ते माहीत नाही.

आता मी निवृत्त आहे. शालू गावातल्या शाळेत पोषण आहार शिजवते. विहीर सिमेंट भरून बुजवली आहे. त्या जागेवर एक ओटा आहे, ओट्यावर नंबर आहे, आणि भोवती शेतवाला कापूस पेरतो. देवानंदचं नाव तिथे नाही. ते कंपनीच्या अहवालात आहे. त्याच्यापुढे निष्काळजी असं लिहिलेलं नाही.